आधी उपटा, मग पेरा: विलॅमिट खोऱ्याच्या माळरानावरचं पहिलं वर्ष

मे महिना लागला की ऑरेगन राज्यातल्या बीव्हर्टन-हिल्सबरोकडच्या मराठी घरांत जेवायला गेल्यावर एक प्रश्न मला ठरलेला असतो. "फुलपाखरं वाचवायची म्हणजे फुलझाडंच लावायची ना? नर्सरीतून काय आणू तेवढं सांगा." विचारणाऱ्याला मनापासून काहीतरी करायचं असतं, त्यामुळे उत्तर देताना जरा वाईटच वाटतं. सहा वर्षं मी सुट्टीच्या दिवशी इथल्या माळरानांवर स्वयंसेवक म्हणून जाते आहे. त्यातले लावणीचे शनिवार हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे उपटण्यात, कापण्यात, बुटांचे तळवे घासण्यात आणि ओणवं होऊन पानं उलटून बघण्यात गेले. नव्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही. तो फुलं लावायला म्हणून येतो, दिवसभर काटे ओढतो आणि पुढच्या खेपेला येत नाही.

म्हणून हे लिहिते आहे, पोर्टलंडपासून युजीनपर्यंत विलॅमिट नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांसाठी. (उच्चार विलॅमिट, मधल्या 'लॅ'वर जोर. 'विलामेट' म्हटलं की माणूस नवा आहे हे लगेच कळतं. मी वर्षभर तेच म्हणत होते.)

माळ आणि त्याचं फुलपाखरू

माळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सातबाऱ्यावरचा पोटखराबा येतो. पिकत नाही, म्हणजे कामाची नाही. इथेही तेच झालं. पश्चिमेला कोस्ट रेंज आणि पूर्वेला कॅस्केड्स, या डोंगररांगांच्या मधलं हे खोरं एके काळी गवत, रानफुलं आणि विरळ ओक यांचं होतं. ते आपोआप तसं राहिलं नव्हतं. इथले मूळ रहिवासी कालापुया लोक उन्हाळा सरताना माळ पेटवत. आगीमुळे झुडपं आणि डग्लस फरची रोपं जळून जात, कॅमस या निळ्या रानफुलाचे खाण्याचे कंद खणायला जागा मोकळी राही, हरणांना कोवळं गवत मिळे. १८४०च्या दशकात गोऱ्या वसाहतकऱ्यांची रीघ लागली, १८५६ साली कालापुयांना हुसकावून ग्रँड रोंडच्या राखीव प्रदेशात नेलं आणि आग थांबली. सपाट जमीन नांगराखाली गेली, उरलेल्यावर झाडं चढली. आज त्या माळरानाचा एक टक्कासुद्धा शिल्लक नाही.

त्या एका टक्क्यात फेंडर्स ब्लू नावाचं फुलपाखरू राहतं. पंख पसरले तर जेमतेम इंचभर. नर चकचकीत निळा, मादी तपकिरी. १९३१ साली राल्फ मेसी यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि केनेथ फेंडर या कीटक-अभ्यासकाचं नाव त्याला दिलं. पुढे काही वर्षांतच ते दिसेनासं झालं. पन्नासेक वर्षं सगळे ते नामशेष झालं असंच धरून चालले होते. १९८९ साली पॉल हॅमंड यांना ते पुन्हा सापडलं. २००० च्या जानेवारीत त्याचं नाव 'संकटग्रस्त' यादीत आलं, तेव्हा साधारण ३,४०० फुलपाखरं उरली होती. २०१८ च्या मोजणीत ती १३,७०० च्या आसपास भरली आणि २०२३ साली त्याला एक पायरी खाली, 'धोक्यात' या गटात आणलं. म्हणजे हे काम फळ देतं. दरवर्षी चढता आलेखच मिळेल असं मात्र समजू नका. एखादा ओला, थंड मे आला की आकडा आपटतो.

त्याची अळी वाढते ती ल्युपिनवर, मुख्यतः किंकेड्स ल्युपिनवर. तूर-मुगाच्या कुळातलं, फिकट पिवळसर ते जांभळट तुऱ्यांचं हे झाडही संरक्षित आहे. पान हाताच्या पंज्यासारखं, पण बोटं सात ते बारा. शेंग वाळली की पिळवटून फुटते आणि तेरड्याच्या बोंडासारखं बी उडवते. या दोघांचं एकमेकांशी असलेलं नातं लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात.

पायरी पहिली: फुलपाखराचं वर्ष पाठ करा

हत्यार हातात घेण्याआधी हे करायचं. माळावर एखादं काम चांगलं की वाईट, हे ते कुठल्या महिन्यात केलं यावर ठरतं. जे कापणं ऑक्टोबरात उपकार, तेच मे महिन्यात कत्तल.

मेच्या सुरुवातीपासून जूनअखेरपर्यंत फुलपाखरं उडतात. एकेक फुलपाखरू दहा-पंधरा दिवस जगतं. तेवढ्यात मादी ल्युपिनच्या पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं चिकटवत जाते. अंड्यातून अळी निघते, थोडं खाते, आणि जून-जुलैत ल्युपिन वाळायला लागलं की बुंध्याशी पडलेल्या पाचोळ्यात शिरून झोपते. ऑगस्ट, सप्टेंबर, दिवाळी, नाताळ, सगळं झोपेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ल्युपिनला नवे कोंब फुटले की ती जागी होते, परत खाते, एप्रिलच्या सुमाराला कोष करते, आणि मेमध्ये पुन्हा निळं काहीतरी भिरभिरायला लागतं.

यातून नवख्याने घ्यायची गोष्ट अशी की या माळावर फुलपाखरू नाही असा एकही महिना नसतो. डिसेंबरात तुम्ही ज्या पाचोळ्यावर उभे असता त्यात ते असू शकतं. तरी मोठं कापणीचं काम ऑगस्टच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच करतात, कारण तेव्हा अळी जमिनीलगत असते आणि पातं तिच्या वरून जातं. मार्चपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ल्युपिनच्या आसपास यंत्र फिरवायचं नाही.

अळीच्या मागेपुढे मुंग्या दिसल्या तर हाकलू नका. अळी अंगातून गोड स्राव सोडते, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात तिची राखण करतात. मी पहिल्या वर्षी चांगल्या मनाने तीन मुंग्या फुंकरीने उडवल्या होत्या. शेजारच्या आजोबांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

पायरी दुसरी: नुसतं बघायला जा

पहिली भेट कामाची नको. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ऊन पडलेला दिवस निवडा आणि सेलमच्या पश्चिमेला, डॅलस गावाजवळ बॅस्केट स्लू नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युजला जा. १९६०च्या दशकात हे अभयारण्य झालं ते थंडीत येणाऱ्या कॅनडा गूज पक्ष्यांसाठी, पण त्यातल्या बॅस्केट ब्यूट या टेकाडावर फेंडर्स ब्लूची मोठी वस्ती आहे. तिथल्या पायवाटेला रिच ग्वाडाग्नो यांचं नाव आहे. ते पूर्वी या अभयारण्याचं काम बघत. ११ सप्टेंबर २००१ ला पेनसिल्व्हेनियात कोसळलेल्या विमानात ते होते.

सकाळी दहाच्या आधी जाऊन उपयोग नाही. हवा गार असली की फुलपाखरं पंख मिटून बसतात. कुत्रा घरी ठेवा, अभयारण्यात चालत नाही. पायवाट सोडायची नाही, फोटोसाठी एक पाऊलसुद्धा नाही, कारण वाटेच्या कडेला ल्युपिन असतं.

निळं दिसलं की ते फेंडर्सच, असंही नाही. सिल्व्हरी ब्लू नावाचं दुसरं फुलपाखरू ल्युपिनवरच घोटाळतं आणि जरा आधीपासून, मार्च-एप्रिलपासून उडतं. ते पंख मिटून बसेपर्यंत थांबा. सिल्व्हरीच्या पंखाखाली पांढऱ्या कडेच्या काळ्या ठिपक्यांची एकच ठसठशीत ओळ असते. फेंडर्सच्या पंखाच्या कडेला आणखी एक फिकी ओळ दिसते. पहिल्या दिवशी जमणार नाही. माझं तिसऱ्या वर्षी जमलं, आणि अजूनही उडताना विचारलंत तर मी गप्प बसते.

फोटो काढलात तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे संकटातल्या जातींचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. व्हॉट्सॲपवर तसं काही होत नाही. नकाशाच्या खुणेसकट फोटो मित्रमंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि पुढच्या रविवारी तीन गाड्या भरून मंडळी डब्यांसकट तिथे, हे मी पाहिलं आहे. सार्वजनिक पायवाटेचं ठीक. खाजगी किंवा बंद माळाचा पत्ता सांगायचा नाही.

पायरी तिसरी: कामाच्या दिवसाची तयारी

स्वयंसेवकांचे दिवस अभयारण्यं, पोर्टलंड परिसरात मेट्रो या प्रादेशिक सरकारी संस्थेची निसर्गोद्यानं आणि कॉर्व्हॅलिसची इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड इकॉलॉजी यांच्यासारख्या संस्था ठरवतात. नाव नोंदवा आणि वेळेवर पोचा. 'इंडियन टाइम'चा विनोद तिथे कोणाला कळत नाही. हत्यारं, हातमोजे बहुतेक वेळा तेच देतात.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली. एक कारण गोचीड. दुसरं कारण पॉइझन ओक, आणि याबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या लोकांना ते चटकन समजतं. गावाकडे कोणाच्या अंगावर बिबा उतलेला पाहिलाय? अंग लालबुंद, फोड, खाजून जीव नकोसा. पॉइझन ओक बिब्ब्याच्याच कुळातलं. आंबा आणि काजूसुद्धा त्याच घरातले. ज्यांना आंब्याच्या चिकाने ओठांवर पुरळ येतं त्यांनी तर दोन हात लांबच राहावं. पान तीन-तीनच्या जुडग्यात, कडा ओकसारख्या लाटेरी, कोवळं असताना तांबूस आणि तुकतुकीत. हिवाळ्यात पानं झडतात, पण नुसत्या काडीनेही अंग उततं. घरी आल्यावर आधी साबणाने हात-तोंड खसखसून धुवा, कपडे वेगळे धुवा, आणि त्या हातांनी गाडीचं स्टिअरिंग धरलं होतं हे विसरू नका. मी विसरले होते. दोन दिवसांनी नवऱ्याला पुरळ उठलं, आणि तो माळावर कधी आलेलाच नाही.

बूट. माळावर शिरताना आणि निघताना दोन्ही वेळा तळवे ब्रशने घासायचे. फॉल्स ब्रोम नावाचं एक उपद्रवी गवत या खोऱ्यात बुटांवरून आणि कुत्र्यांच्या केसांतून फिरतं. मोज्यांत घुसलेली कुसळं तिथल्या तिथे काढून पिशवीत भरा. वाटेत झटकू नका. आपण वाचवायला म्हणून जातो आणि तण पेरून येतो, असं सहज होतं.

पायरी चौथी: उपटणं

आता खरं काम. शत्रू मुख्यतः तीन, आणि तिघांची रीत वेगळी.

हिमालयन ब्लॅकबेरी. नाव ऐकून मला उगाच माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं होतं. हिमालयाशी तिचा संबंध नावापुरताच. मूळ आर्मेनियाकडची. १८८५च्या सुमाराला ल्यूथर बरबँक या बागतज्ज्ञाने भारतातून आलेल्या बियांपासून ती वाढवली आणि 'हिमालया जायंट' म्हणून विकली. आपल्याकडे घाणेरीने डोंगर व्यापले तसे हिने इथले माळ व्यापले. ऑगस्टमध्ये फळं खायला सगळे धावतात, मीही धावते, पण माळावर तिला दयामाया नाही. नुसत्या फांद्या छाटून काही होत नाही, महिन्याभरात दुप्पट फुटते. आधी काटेरी फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर कापून बाजूला ओढा, म्हणजे धरायला खुंट राहतो. मग कुदळीने मुळाशी असलेला गड्डा शोधा, नारळाएवढाही असतो. तो अख्खा निघाला तरच काम झालं. लांब फांदीचं टोक जमिनीला टेकलं की तिथेही मूळ धरतं, ती टोकंही शोधा.

स्कॉच ब्रूम. मेमध्ये पिवळ्याधमक फुलांनी लगडलेलं झुडूप, हायवेच्या कडेला सगळीकडे दिसतं. लहान रोपं जमीन ओली असताना हाताने ओढली की मुळासकट येतात. मोठी ओढू नका. ओढली की माती उकरली जाते आणि खाली वर्षानुवर्षं पडलेलं त्याचंच बी वर येतं. अनेक दशकं ते जमिनीत जिवंत राहतं. अंगठ्याहून जाड खोड उन्हाळ्याच्या शेवटी, झुडूप कोरडेपणाने मेटाकुटीला आलेलं असताना, अगदी जमिनीलगत करवतीने कापायचं. तेव्हा पुन्हा फुटायची ताकद त्याच्यात कमी असते.

तिसरा शत्रू दिसायला सगळ्यात गरीब: टॉल ओटग्रास. युरोपातून चाऱ्यासाठी आणलेलं गवत, कमरेच्याही वर जातं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते वाऱ्यावर डोलताना सुंदर वाटलं होतं. मग गटाच्या बाईंनी गवत दोन हातांनी फाकवून दाखवलं. आत, सावलीत, ल्युपिनचं एक पान पिवळं पडून उभं होतं. इथलं मूळचं गवत, रोमर्स फेस्क्यू, झुबक्याझुबक्यांनी वाढतं. दोन झुबक्यांमध्ये उघडी माती असते, तिथे फुलं येतात, ऊन पोचतं, मादीला उडत उडत ल्युपिन सापडतं. ओटग्रास ती मधली जागाच बुजवून टाकतं. ल्युपिन असतं, पण मादीला दिसत नाही. त्यानंतर मला 'हिरवंगार माळ' या शब्दांची थोडी भीतीच वाटते.

ओटग्रास हाताने काढून संपत नाही. त्यासाठी ठराविक वेळी ठराविक उंचीवर कापणी, आग, आणि फक्त गवतावर चालणारं तणनाशक हे उपाय असतात, आणि ते परवाना असलेली माणसंच करतात. तणनाशक म्हटलं की आपल्यातले काही जण नाराज होतात. मीही झाले होते. दहा एकरांवरचं ओटग्रास खुरप्याने काढून दाखवा, मग बोलू.

एक नियम सगळ्यांना लागू: जे ओळखता येत नाही ते उपटायचं नाही. विचारायचं. विचारणाऱ्याला कोणी हसत नाही, पण संकटग्रस्त विलॅमिट डेझी उपटली तर मामला हसण्यावारी जाणार नाही.

पायरी पाचवी: आग, लांबून

वणवा हा आपल्याकडे वाईटच शब्द आहे, आणि सह्याद्रीत दर उन्हाळ्यात लागणारे वणवे पाहिलेल्या माणसाला 'माळ पेटवतात' हे ऐकून धक्का बसतो. कोकणातली राब भाजणी आठवली तर जरा जवळ जाता येईल: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तुकड्यात, माणसं भोवती उभी राहून लावलेली आग. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात, वाऱ्याचा आणि दमटपणाचा अंदाज घेऊन, प्रशिक्षित पथक हे करतं. जाळलेल्या तुकड्यातल्या अळ्या बहुतेक मरतात, हे कोणी लपवत नाही. म्हणूनच फुलपाखराची वस्ती असलेल्या माळाचा एका वर्षी जास्तीत जास्त तिसरा हिस्सा जाळतात. बाकीच्या दोन हिश्श्यांतून पुढच्या मेमध्ये फुलपाखरं तिकडे येतात, आणि तिथे ल्युपिन आधीपेक्षा जोमाने फुटलेलं असतं.

स्वयंसेवकाचं काम आदल्या आठवड्यात कडेचं गवत काढून पट्टा मोकळा करणं आणि नंतर राखेवर बी टाकणं. आगीच्या दिवशी घरी राहायचं. पॉइझन ओकचा धूर छातीत गेला तर त्वचेवरच्या पुरळापेक्षा फार वाईट अवस्था होते.

पायरी सहावी: पेरणी, आणि मृग नक्षत्र विसरा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. पहिल्या वर्षी घरामागच्या तुकड्यासाठी चांगलं महागाचं देशी बी आणलं आणि ७ जूनला पेरलं. आमच्या घरी मृग लागला की पेरायचं, यापुढे कोणी कधी विचारच केला नव्हता. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत इथे पाऊस पडला नाही. म्हणायला थोडा पडला, पण तो मोजण्यासारखा नव्हता. बी चिमण्यांनी खाल्लं.

विलॅमिट खोऱ्याचा पावसाळा ऑक्टोबर ते मे. उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणून पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिले एक-दोन पाऊस झाल्यावर. शिवाय इथल्या बऱ्याच रानफुलांच्या बियांना थंडी-ओल लागल्याशिवाय त्या उगवतच नाहीत. ल्युपिनचं बी तर दगडासारखं. रोपवाटिकेत ते सँडपेपरवर हलकं घासून घेतात, मग थंड-ओल्या जागी ठेवतात. बी फेकून वर माती लोटायची नाही. उघड्या मातीवर टाका आणि बुटाने दाबत चाला. पहिल्या वर्षी फक्त बोटभर पानं दिसतील, ल्युपिनला फुलायला काही वर्षं जातात. खत घालू नका. गरीब जमिनीत ही झाडं सुखी असतात, खतावर फक्त तण माजतं.

गोल्डन पेंटब्रश या पिवळ्या फुलाची गोष्ट सांगायलाच हवी. १९३८ नंतर ऑरेगनमध्ये ते कोणाला दिसलं नव्हतं. २०१०पासून वॉशिंग्टन राज्यातलं बी आणून ते इथल्या माळांवर परत वसवायला सुरुवात झाली. सुरुवातीला नुसतीच लावलेली रोपं रखडत, कारण हे झाड अर्धं परजीवी. चंदन लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तो चंदनाशेजारी तूर लावतो, कारण चंदनाचं मूळ शेजाऱ्याच्या मुळातून पोषण ओढतं. पेंटब्रशचंही तसंच. शेजारी ऑरेगन सनशाइन हे रानफूल किंवा रोमर्स फेस्क्यू लावलं की ते धरतं. २०२३च्या जुलैत ते संकटाच्या यादीतून बाहेर पडलं. त्याच वर्षी नेल्सन्स चेकरमॅलो हे रानफूलही बाहेर पडलं.

घरामागे काय करावं

खरं सांगायचं तर शहरातल्या अंगणात फेंडर्स ब्लू येणार नाही. जन्मल्या जागेपासून ते दोनेक किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही, आणि जवळचा माळ त्याहून लांब आहे. त्यासाठी किंकेड्स ल्युपिन शोधत हिंडू नका, रानातून त्याचं बी किंवा रोप तर अजिबात आणू नका. नर्सरीतली रंगीबेरंगी संकरित ल्युपिनंही माळाजवळ राहणाऱ्यांनी टाळावीत, ल्युपिनच्या जाती एकमेकींत मिसळतात.

अंगणाचा उपयोग बाकीच्या फुलपाखरांना आणि मधमाश्यांना आहे, आणि तो थोडाथोडका नाही. जुलैत लॉनचा दहा बाय दहा फुटांचा तुकडा निवडा, जाड पुठ्ठे पसरून वर कंपोस्ट टाका, पाणी मारून ठेवा. ऑक्टोबरात त्यात ऑरेगन सनशाइन, रोझ चेकरमॅलो, यारो, सेल्फ-हील, फेअरवेल-टू-स्प्रिंग आणि मध्ये मध्ये रोमर्स फेस्क्यू. कॅमसचे कंदही लावा, एप्रिलमध्ये असं निळं होतं की फोन आपोआप बाहेर येतो. फक्त ते कंद रानातून खणून खायचा उत्साह नको. डेथ कॅमस नावाचं विषारी झाड शेजारीच उगवतं आणि फुलं नसताना दोघांत फरक करणं फार अवघड. बी किंवा रोप देशी झाडांच्या नर्सरीतून घ्या, याच खोऱ्यातलं आहे का ते विचारून. दुकानातल्या 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'च्या पुडीत युरोपातली फुलं सर्रास असतात.

वाढदिवसाला सोडायला फुलपाखरं विकत घेऊ नका. रानातून अळ्या आणून बरणीत वाढवू नका. फेंडर्सच्या बाबतीत तर तो १९७३च्या संकटग्रस्त जीव कायद्याखाली गुन्हाच आहे.

यॅमहिल किंवा पोक काउंटीकडे ज्यांनी दोन-चार एकर घेतली आहे त्यांच्यासाठी वेगळं: उरलेला बराचसा माळ खाजगी जमिनीवरच आहे, आणि पैसा-सल्ला मिळतो. केंद्राच्या वन्यजीव खात्याची 'पार्टनर्स फॉर फिश अँड वाइल्डलाइफ' ही योजना आणि तुमच्या काउंटीचं मृद-जलसंधारण कार्यालय, दोन्हीकडे चौकशी करा. 'आमच्या जमिनीवर संकटग्रस्त जीव आला तर सरकार जमीन बांधून टाकेल' ही भीती सगळ्यांना असते. त्यासाठीच पूर्वी सेफ हार्बर करार असायचा, २०२४ पासून नव्या करारांना 'कॉन्झर्व्हेशन बेनिफिट ॲग्रीमेंट' म्हणतात: तुम्ही जागा सुधारलीत आणि फुलपाखरू आलं, तरी त्यापायी नवी बंधनं येत नाहीत. सही करण्याआधी नीट वाचा, एवढंच.

मोजणीला बसणं

दोन-तीन हंगाम काम केलंत की एखाद्या मेमध्ये तुम्हाला मोजणीला बोलावतील. किंकेड्स ल्युपिनची झाडं मोजता येत नाहीत, कारण ते जमिनीखालून पसरतं आणि एकच झाड कित्येक मीटर व्यापतं. म्हणून त्याच्या पानांनी झाकलेली जागा चौरस मीटरमध्ये मोजतात. अंड्यांसाठी ठरलेल्या चौकटीत गुडघ्यावर बसायचं, पानाचा देठ दोन बोटांत धरून हलकेच उलटायचं. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरं, किंचित चपटं. आत अळी असलेलं अंडं अखंड असतं. अळी निघून गेली असेल तर कवचात भोक दिसतं, आणि हे दोन्ही वेगळे लिहायचे.

चष्मा लागत असेल तर जवळचा घेऊन जा. भिंग सोबत असू द्या. पाठ मोडते, त्यामुळे दर वीस पानांनी उठून उभं राहा, पण उठताना मागे बघून पाय टाका. आणि अंडं नसलेल्या पानांच्या रकान्यात शून्य लिहा. कंटाळून मोकळा सोडू नका, मोकळ्या रकान्याचा अर्थ 'बघितलंच नाही' असा धरतात आणि तुमची ती अख्खी ओळ बाद होते.